गाठ म्हणजे गाठ

११ जानेवारी १९७१, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. डायरी श्रीगोंद्याच्या खताच्या दुकानाची आहे. तिथे मी एकोणीस दिवस होतो. पहिली दहा पानं कोरी गेली त्याला माझा इलाज नाही. तेव्हा आयुष्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

मी शिक्षक झालो.

हकीगत अशी. सावेडीच्या माळावर नवश्रम पुनर्वसन केंद्र आहे. हातपाय जायबंदी झालेली माणसं इथे येतात. मी शुक्रवारी आलो तो खुर्च्यांना वेत विणायला. पहिलीच खुर्ची हातात होती, आणि आज सकाळी तार आली. उजागरे बाईंची आई नागपूरला पडली, खुब्याचं हाड मोडलं. उजागरे बाई म्हणजे इथल्या एकुलत्या एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत व्यवसायोपचार. हेच काम शिकणाऱ्या सहा नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग त्यांनी आजच सुरू करायचा होता. दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. आता मार्चअखेरपर्यंत येत नाहीत.

मोठे डॉक्टर व्हरांड्यात डोकं धरून उभे. मी विचारलं, शिकवायचं असतं काय त्यात? म्हणाले, व्यवसायातून उपचार. मी म्हटलं, साहेब, माझे आजवर अकरा व्यवसाय झालेत. मोजून दाखवले. तंबूतल्या सिनेमाची तिकिटं, रसवंती, घड्याळदुरुस्ती, लग्नाच्या बँडात झांजा, मनमाड स्टेशनवर चहा, असे बोटांवर घेत गेलो. डॉक्टरांनी माझी बोटं बघितली. मग म्हणाले, हातकामाचा तास तुम्ही घ्या, आणि बाईंच्या वहीतले धडे नुसते वाचून दाखवा. नुसते वाचून, हे दोनदा म्हणाले.

३१ मार्चला नागपूरहून परीक्षक येणार. वर्ग पास झाला तर वर्गाला मान्यता, आणि मला 'निदर्शक' म्हणून कायम करण्याचा विचार.

कायम! हा शब्द माझ्या बाबतीत आजवर कुणी काढला नव्हता. कुठल्याच कामात माझे तीन महिने भरलेले नाहीत. हे भरणार.

खुर्ची जवळजवळ झाली आहे. कडेची टोकं तेवढी बांधायची राहिली. उद्या.

१२ जानेवारी

पहिलं लेक्चर. वहीत धडा पहिला : 'व्यवसाय म्हणजे काय?' आणि खाली अर्धं पान कोरं. बाई घाईत उत्तर लिहायला विसरल्या. मी शाईनं भरून टाकलं. 'व्यवसाय म्हणजे धंदा.' मग वर्गाला उतरवून दिलं. यात चार मिनिटं गेली. उरलेला वेळ तंबू सिनेमाबद्दल सांगितलं. वारा सुटला की पडदा कसा फुगतो, आणि पडद्यावरचा हडकुळा व्हिलन कसा लठ्ठ दिसतो. वर्ग रंगला.

सहा जणांत दोन लक्षात राहिले. चांगुणा, श्रीगोंद्याची, एस.एस.सी. पास, प्रश्न फार विचारते. आणि गोरक्ष, माझ्याच कर्जत तालुक्यातला, बोलत काहीच नाही, हातात घड्याळ, सारखं लिहीत असतो. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

चांगुणानं विचारलं, सर, पुढच्या पानावर आंघोळ, जेवण, वेणीफणी असं लिहिलंय, मग आंघोळ हा पण व्यवसाय का? मी म्हटलं, टॉवेल विकत असशील तर. सगळे हसले. ती हसली नाही. खाली बघून तिनं काहीतरी खोडलं.

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी. खुर्ची करणार होतो. पण गावात पतंग होते.

१८ जानेवारी, सोमवार

धडा तिसरा. कुठलंही काम घ्या, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडा, कुठल्या तुकड्याला कुठलं बोट, कुठला सांधा, किती जोर, ते लिहा. बाईंनी उदाहरण दिलंय चहाचं. चहा! मनमाडला मी दिवसाला चारशे कप केलेत. म्हटलं, वाचून काय दाखवायचं, करूनच दाखवतो. सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं.

स्टोव्ह भडकत होता. पिन मारली. वायसर गेलेला निघाला. कापडबाजारात वायसर आणायला गेलो. तिथे एकजण ग्रामोफोनची चावी बसवत होता, ती तो उलटी बसवत होता, ते मला बघवेना.

परत आलो तेव्हा साडेचार. तोवर पोरांनी आपापसात चहाचे बावीस तुकडे पाडून फळ्यावर लिहून ठेवले होते. पहिला तुकडा, 'सर बाहेर गेले.' हा वात्रटपणा कुणाचा ते कळलं नाही. गोरक्षला विचारलं तर तो घड्याळ बघत म्हणाला, 'सर, साडेतीन तास झालं.' काहीतरी टिपून ठेवलं. मुलगा शिस्तीचा आहे.

वायसर आणायचा राहिला.

२५ जानेवारी

नवा पेशंट आला. आता खरं काम.

बायडाबाई. पाथर्डीकडची, ऊसतोडीला श्रीगोंद्याच्या फॅक्टरीवर आलेली. भरलेली गाडी कलंडली आणि उजवा हात जुवाखाली सापडला. हाडं जुळली आहेत, पण तीन बोटं लाकडासारखी ताठ. वय पस्तिसेक. तोंड तिखट. टोळी अजून फॅक्टरीवर आहे, पाडव्यानंतर ट्रक तिला न्यायला येणार, तोवर हात चालता करायचा.

डॉक्टर म्हणाले, परीक्षेला हीच केस राहील, वर्गानं हिच्यावरच काम करायचं. म्हणजे माझं कायम होणं आता या बाईच्या तीन बोटांवर आहे.

वहीत लिहिलंय, पेशंटला विचारा, त्याला काय करता यायला हवंय. मी विचारलं. कोयता धरायचाय? म्हणाली, ते मंग बघू. भाकरी? म्हणाली, सून हाय भाकरीला. मग काय? बाईनं पदर घट्ट ओढून घेतला, जमिनीकडं बघितलं आणि म्हणाली, 'मला गाठ मारता आली पायजे मास्तर. रोज सकाळी दुसऱ्यानं मारून द्यायची, मेल्याहून मेल्यागत हुतं.'

मी विचारलं, कसली गाठ? चांगुणा खिडकीबाहेर बघायला लागली. गोजरबाई म्हणून वॉर्डातली आया आहे, ती तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. बायडाबाई म्हणाली, 'कसली म्हंजी? गाठ म्हंजी गाठ.'

यांना कल्पनाशक्ती नाही. मला त्याच क्षणी सगळं चित्र दिसलं. गाठी, सुतळी, शिंकी! खेडोपाडी घराघरात दह्यादुधाला शिंकं लागतं. बाईला धंद्याची नजर आहे. वहीत नोंद केली : 'रुग्णाचा व्यवसाय, शिंकी उद्योग.'

२६ जानेवारी

झेंडावंदन. नंतर बाजारातून पाच किलो सुतळी आणली. ऑफिसातले क्लार्क सूर्यभानराव म्हणाले, एवढी कशाला, सगळ्या वॉर्डाला बांधून ठेवायचंय का? मी म्हटलं, दूरदृष्टी लागते.

तेवढ्यात ते बोलता बोलता माझ्या खुर्चीवर बसले आणि वेतातून खाली गेले. टोकं बांधलेली नव्हती. नुसतं निसटत गेलं. गुडघे हनुवटीला लागले. आम्ही चौघांनी ओढून काढलं. यात चूक त्यांची. खुर्ची तयार नाही हे सगळ्या केंद्राला माहीत आहे.

परत विणली. टोकं उद्या.

३ फेब्रुवारी, बुधवार

बायडाबाई सहकार्य करत नाही. सुतळी रुततीय म्हणते. गाठ दातांनी ओढते. मी म्हटलं, दात नको, बोटं. म्हणाली, 'बोटं तुमची द्या मंग, मास्तर.' सगळे विद्यार्थी हसले. हसण्याच्या बाबतीत हा वर्ग फार हुशार आहे.

सहा दिवसांत शिंकं एकही नाही. झाला तो गुंता. तो सोडवायला मी बसलो. सोडवता सोडवता मला जाळं विणायची आठवण झाली. मुळा नदीवर भोयांकडे आठ दिवस होतो. तेव्हा विणून दाखवलं. वीतभर झालं. मग सुतळी संपली असं वाटलं, पण मी तिच्यावरच बसलो होतो.

१० फेब्रुवारी

हद्द झाली. चांगुणानं माझ्या परवानगीशिवाय सुतळी बंद केली. जुन्या धोतराच्या रुंद रुंद पट्ट्या फाडल्या आणि बायडाबाईच्या हातात दिल्या. म्हणाली, सर, पाचव्या धड्यात आहे, आधी मऊ, मग कठीण, आधी मोठं, मग बारीक. पाचवा धडा मी अजून वाचलेला नाही, तेव्हा तो वर्गाला माहीत असायचं कारणच नाही. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, वही टेबलावर असते, सर. तुम्ही नसता.

धोतराच्या पट्ट्यांचं शिंकं होतं का? त्यात लोणी ठेवलं तर थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर. पण ऐकणार कोण?

संकल्प : उद्यापासून वही कपाटात, कुलूप लावून.

११ फेब्रुवारी

कुलूप लावलं. किल्ली सापडत नाही. लेक्चर झालं नाही. यात माझा दोष आहे असं मला वाटत नाही.

१७ फेब्रुवारी

गोरक्षनं कपाटाचं बिजागर काढून वही बाहेर काढली.

त्याच्या स्वतःच्या वहीची निम्मी पानं भरली. एका बाजूला वेळा, दुसऱ्या बाजूला मजकूर. लांबून दिसलं. म्हणजे मी काय, किती वाजता बोललो, त्याची मिनिटानिशी नोंद! उद्या माझ्या लेक्चरांचं पुस्तक निघालं तर याच्याच वहीवरून निघेल. मी म्हटलं, दाखव रे. लाजला. म्हणाला, पुरी झाल्यावर दाखवतो, सर. परीक्षेला प्रत्येकाला एक केस लिहून द्यायची आहे. चांगुणानं बायडाबाई घेतली. तुझी कुठली, विचारलं तर म्हणाला, अजून निरीक्षण चालू आहे.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आज शिकवायच्या खोलीत एक फळी भिंतीला उभी केलेली. तिच्यावर खणाचे दोन तुकडे खिळ्यांनी ठोकलेले, एक इकडून, एक तिकडून, टोकं मधे लोंबत. म्हटलं, चला, एवढी तरी अक्कल आली, डस्टर केलं. फळा पुसला. चांगला पुसला गेला, फक्त टोकं जरा फाटली.

तर चांगुणा रडायला लागली. कशाला रडायचं? डस्टर ते डस्टर. बायडाबाई मात्र रडली नाही. म्हणाली, 'मास्तर, तुमच्या घरात बाईमानूस न्हाई का कुनी?' मी म्हटलं, नाही, आईला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा म्हणाली, 'मग जाऊ द्या. कुनी सांगावं तुमाला.' आणि चांगुणाला म्हणाली, 'दुसरा खण हाय माझ्या बोचक्यात, घे.'

काय चाललंय ते मला कुणी सांगत नाही. मी शिक्षक आहे.

१ मार्च, सोमवार

तीस दिवस राहिले. आता जोर.

आज फक्त एक गोष्ट पाठ करून घेतली. परीक्षकांनी विचारलं, बायडाबाईचा व्यवसाय काय, तर सगळ्यांनी एका सुरात, 'शिंकी उद्योग!' दहा वेळा म्हणवून घेतलं. अकराव्या वेळी मागून बायडाबाईच म्हणाली, 'कुनाचं शिंकं?'

३ मार्च

सावेडी नाक्यावर प्रचाराची जीप बंद पडली होती. प्लग काढून घासून दिला. माईकवाल्याचा घसा बसलेला. म्हणाले, तुमचा आवाज मोकळा आहे, दोन गावं करता का? दोनच.

८ मार्च

कर्जतहून परत आलो. एकूण चौतीस गावं झाली. घसा बसला आहे, त्यामुळे शिकवता येत नाही. डॉक्टरांनी बोलावलं. मी खुणेनं सांगितलं की मी लोकशाहीत गुंतलो होतो. ते म्हणाले, राधाकृष्ण मंगल कार्यालयाच्या आवाराजवळ जीपवर उभे राहून तुम्ही 'शिंकी उद्योग' असं काहीतरी ओरडत होता, असं सूर्यभानरावांनी ऐकलं. ते चुकून झालं. जिभेवर बसलं होतं.

ताकीद मिळाली. एक दिवस जरी गेलो तरी कायमचा विषय संपला.

वर्ग पाच दिवस आपला आपण चालला होता. खोली झाडलेली, फळ्यावर तारीख. ती फळी आता भिंतीवर नाही, बायडाबाईच्या मांडीवर उभी धरलेली, आणि ती खाली न बघता नुसती बोटांनी चाचपत होती. मला बघून चांगुणानं फळी झाकली. गोरक्षनं घड्याळ बघितलं.

१५ मार्च

घसा सुटला. लेक्चर : 'माणसानं एका जागी टिकणं का महत्त्वाचं.' वर्गानं इतकं शांतपणे ऐकलं की मलाच चमत्कारिक वाटलं. गोरक्षनं पान उलटून लिहिलं.

खुर्ची. हिच्याबद्दल एकदा खरं लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे? पुण्यात वेतवाल्याकडे पहिल्या आठवड्यात भोकं पाडायला शिकवायचे, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात वीण. शेवटचं टोक खालून कसं बांधायचं ते चौथ्यात. मी तिसऱ्यात निघालो, कारण हडपसरला सर्कस आली होती.

पण ते किरकोळ आहे. एक गाठ तर आहे. बघून बघून येईल.

२२ मार्च, सोमवार

येत नाही.

२७ मार्च, पाडवा

चार दिवसांवर परीक्षा. नव्या वर्षाचा संकल्प : बुधवारपर्यंत खोलीच्या बाहेर पाऊल नाही. जेवण आत मागवलं.

दुपारी बायडाबाई गाठी-कडे घेऊन आली. माझ्या हातात साखरेची माळ दिली. म्हणाली, 'घ्या, ही गाठी तरी तुमाला कळती.' सगळे पुन्हा हसले. तिची बोटं आता बरीच वाकतात असं दिसलं. म्हणजे माझी पद्धत लागू पडली. सुतळीचा पाया भक्कम होता.

एक शिंकंही तयार नाही हे खरं. मी वॉर्डातल्या स्वयंपाकघरातलं एक जुनं शिंकं आणून ठेवलं. परीक्षकांना दाखवायला. नमुना म्हणून.

३१ मार्च, बुधवार, संध्याकाळी सहा

जसं झालं तसं लिहितो.

परीक्षक बाई साठीच्या, बारीक, चष्म्याला दोरी. डॉक्टर, सूर्यभानराव, वर्ग, मी. मी नवा शर्ट. शिंकं खिळ्याला टांगलेलं.

पहिला प्रश्न गोरक्षला. या पेशंटचा व्यवसाय काय? मी मागून ओठ हलवले, शिं-की. गोरक्ष म्हणाला, 'बाई, सकाळी उठून आपली चोळी आपण घालणं.'

मला वाटलं, पोरगं घाबरलं.

चांगुणा उभी राहिली. म्हणाली, नऊवारी बायडाबाईंना डाव्या हातानं कशीबशी नेसता येते, पण चोळीची पुढची गाठ एका हातानं बसत नाही. दोन महिने रोज सकाळी गोजरबाई ती गाठ मारून द्यायची. ती येईपर्यंत ही बाई अंगाभोवती चादर धरून बसायची. कधी आठ वाजायचे, कधी नऊ. गाठ बसेपर्यंत ती न्याहारीला बाहेर यायची नाही, कुणाशी बोलायची नाही. मग तिनं गाठीचे सात तुकडे सांगितले. कुठलं टोक कुठल्या दोन बोटांत धरायचं, कुठे अंगठ्यानं दाबायचं, ताठ बोटाचा खुंटीसारखा उपयोग कसा करायचा. आधी धोतराच्या पट्ट्या, मग उभ्या फळीवर खण, मग मांडीवर, मग न बघता. आणि शेवटी अंगावर.

फळी. खणाचे दोन तुकडे. मी त्यानं फळा पुसला होता.

मी शिंक्याकडे बघितलं. शिंकं माझ्याकडे बघत होतं.

परीक्षक बाई म्हणाल्या, करून दाखवाल? बायडाबाई आणि गोजरबाई पडद्यामागे गेल्या. आम्ही पुरुष खिडकीकडे तोंड करून उभे. आतून गोजरबाईचा आवाज आला, 'अगं, मी नुसतं टोक धरते.' आणि बायडाबाईचा, 'हात लावलास तर याद राख.' मला माझ्या नोकरीचा विचार करायचा होता. पण मी बोटांचाच करत होतो. दुसरा तुकडा, तिसरा तुकडा. एवढं लक्ष मी आयुष्यात कशात घातलेलं नाही.

पडदा सरकला. बायडाबाई बाहेर आली. पदर खांद्यावर नीट. छातीवर गाठ, जरा वाकडी. डॉक्टरांना नाही, परीक्षकांना नाही, मला म्हणाली, 'ही गाठ, मास्तर.'

गोजरबाई पडद्याला धरून रडत होती. उद्यापासून सकाळी तिला कुणी हाक मारणार नाही म्हणून, असं सूर्यभानराव हळूच म्हणाले.

मी परीक्षकांना सांगितलं, गाठीवर मी पहिल्या दिवसापासून भर देत होतो. हे खोटं नाही.

दुसरी केस गोरक्षची. तो वाचायला लागला. पुरुष, वय सव्वीस, हातपाय शाबूत, बुद्धी बरी, स्वभाव चांगला. तक्रार : लक्ष एका कामावर टिकत नाही. हाती घेतलेलं काम शेवटच्या तुकड्यापाशी सोडतो. एका जागी बसण्याची सरासरी, चार मिनिटं. मला फार वाईट वाटलं. असा पेशंट केंद्रात आहे आणि मला कुणी दाखवला नाही! मी म्हटलं, अशा माणसाला आधी खुर्चीला बांधून ठेवायला पाहिजे.

कुणी हसलं नाही. हा वर्ग हसला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गोरक्ष मान खाली घालून पुढे वाचत गेला. अठरा जानेवारी, वायसर आणायला गेले, साडेतीन तास. तीन मार्च, जीप, पाच दिवस. आठ जानेवारीपासून एक खुर्ची.

परीक्षक बाईंनी मला विचारलं, या पेशंटचा व्यवसाय काय?

मी माझ्या बोटांकडे बघितलं. अडीच महिन्यांपूर्वी मी त्यांच्यावर अकरा मोजले होते. बोटं तीच होती.

वर्ग पास. मान्यता मिळणार. जाताना सूर्यभानराव म्हणाले, निदर्शकाला मॅट्रिक लागतं, ते आधीच सांगायला हवं होतं, पण एवढे दिवस तुम्ही टिकाल असं वाटलं नव्हतं.

१ एप्रिल

उजागरे बाई आल्या. आईला वॉकर मिळालाय. उंच, सावळ्या, कुणावर आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. त्यांनी वही उघडली. पहिला धडा. माझी शाई. 'व्यवसाय म्हणजे धंदा.' वाचून म्हणाल्या, ती जागा मी मुद्दाम कोरी ठेवली होती. प्रत्येकानं आपलं आपण शोधायचं असतं.

मी म्हटलं, चुकलं. मग म्हटलं, निघतो. मनमाडला ओळख आहे. त्या म्हणाल्या, जा की. खुर्ची तेवढी पुरी करून जा.

निघायचं ठरलं आहे. उद्या खुर्ची, परवा मनमाड.

२ एप्रिल, शुक्रवार

वेत भिजत घातला. बसलो. टोक खालून वर, वरून खाली. निसटलं. परत. निसटलं. पाच वेळा. गोरक्ष दारात उभा. त्याला म्हटलं, आता कशाला लिहितोस, परीक्षा झाली. म्हणाला, केस अजून बंद झाली न्हाई, सर.

मग बाहेर कल्हईवाला आला. त्याच्या भात्याला भोक होतं. फक्त बघायला गेलो.

३ एप्रिल, शनिवार

भाता संध्याकाळी झाला, मग कल्हईवाल्यानं जेवायला ठेवून घेतलं. तिथेच झोपलो. सकाळी साडेनऊला केंद्रात परत.

फाटकात ट्रक उभा. बायडाबाईला न्यायला टोळी आलेली. बायडाबाई नेसूनसवरून, बोचकं बांधून व्हरांड्यात बसलेली. बसलेली माझ्या खुर्चीवर. जराही खाली गेली नव्हती.

मी वाकून खालून बघितलं. चारी बाजूंची टोकं बांधलेली. एकेक गाठ, जरा वाकडी.

बायडाबाई म्हणाली, 'पहाटं पाचलाच तयार झाले, कुनाची वाट बघायची न्हवती. मग करायचं काय? हे पडलं हुतं लोंबत.' उठली. म्हणाली, 'बसा मास्तर. बगा तरी.'

बसलो.

ट्रक गेला. ती मागच्या फळकुटाला टेकून उभी होती. हात हलवला, उजवा. चांगुणा फाटकापर्यंत पळत गेली. मी बसूनच हात केला.

कोपऱ्यात गोरक्ष पेन्सिल घेऊन. विचारलं, किती? म्हणाला, सहा मिनिटं, सर. मी म्हटलं, सरासरी चार होती, म्हणजे प्रगती आहे, लिहून घे. त्यानं लिहिलं नाही. म्हणाला, अजून बसा.

मनमाडची एस.टी. साडेदहाला आहे.